तिकिटावरचे अंतर आणि रुळावरचे अंतर : रेल्वेमंत्र्यांना गोव्यातून खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय रेल्वेमंत्री,
रेल भवन, नवी दिल्ली.

प्रत : मा. मुख्यमंत्री, गोवा राज्य, मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, कोकण रेल्वे महामंडळ, बेलापूर.

विषय : कोकण रेल्वेच्या विलीनीकरणाआधी प्रवासी भाड्यातील वाढीव अंतराचा निर्णय जाहीर करण्याबाबत.

महोदय,

२०२५ या एकाच वर्षात रेल्वेचे प्रवासी भाडे दोनदा वाढले. पहिली वाढ १ जुलैला लागू झाली, दुसरी २६ डिसेंबरला. दोन्ही वेळा ती किलोमीटरमागे फार तर दोन पैशांची होती, दोन्ही वेळा ती किती किरकोळ आहे हे सरकारच्या बाजूने आवर्जून सांगितले गेले आणि दोन्ही वेळा विरोधी बाजूने सामान्य माणसाचे कंबरडे मोडल्याचे जाहीर झाले. त्या गदारोळात आणखी एक आवाज मिसळावा म्हणून हे पत्र लिहिलेले नाही. भाडे कधीच वाढू नये, असे माझे म्हणणे नाही. वीज, पोलाद, पगार आणि निवृत्तिवेतन यांचा खर्च दरवर्षी वाढत असताना तिकीट मात्र जागच्या जागी राहावे, ही अपेक्षा मला प्रामाणिक वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या किलोमीटरवर भाडे आकारले जाते तो किलोमीटर खरा असावा. गोव्यात, सिंधुदुर्गात, रत्नागिरीत आणि कारवारात तो खरा नाही, आणि कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हापासून नाही.

मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून मडगावला येणाऱ्या गाडीचे कोणतेही आरक्षित तिकीट आपण मागवून पाहावे. त्यावर अंतराच्या जागी साडेसातशे किलोमीटरांच्या पुढचा आकडा छापलेला असतो. गाडी प्रत्यक्षात धावते सुमारे ५८० किलोमीटर. मधले पावणेदोनशेच्या आसपास किलोमीटर आले कुठून, हा प्रश्न नवख्या प्रवाशाला पडतो. आमच्याकडच्या जुन्या प्रवाशांना त्याचे उत्तर पाठ आहे. रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर या कोकण रेल्वेच्या हद्दीतले अंतर प्रवासी भाड्याच्या हिशेबासाठी ४० टक्क्यांनी वाढवून धरले जाते. गाडी १०० किलोमीटर धावली, तर १४० धावली असे समजून पैसे घेतले जातात. अंतर वाढेल तसा प्रतिकिलोमीटर दर उतरत जात असल्यामुळे तिकीट नेमके ४० टक्क्यांनी महाग होत नाही, त्याहून काहीसे कमी महाग होते, हे मान्य केले पाहिजे. पण महाग होते. आणि २०१६ पासून त्याच तिकिटावर आणखी एक ओळ आली : भारतीय रेल्वे प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी केवळ ५७ टक्के रक्कम वसूल करते. म्हणजे एकाच कागदावर, चार बोटांच्या अंतराने, प्रवाशाला त्याच्यावर होत असलेल्या उपकाराची आठवणही करून दिली जाते आणि न धावलेल्या किलोमीटरांचे पैसेही त्याच्याकडून घेतले जातात.

हा बोजा लावला गेला तेव्हा तो अन्यायाचा नव्हता. बॅरिस्टर नाथ पै यांच्यापासून ज्या रेल्वेसाठी कोकणाचे खासदार संसदेत भांडत आले, ती रेल्वे भारतीय रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून होणार नाही हे १९९० च्या सुमारास सर्वांना कळून चुकले होते. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधू दंडवते अर्थमंत्री, असा योग त्या वेळी जुळून आला नसता तर आजही आपण सर्वेक्षणेच मोजत बसलो असतो. जुलै १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले. त्यात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के असा ठरला. बाकीचा पैसा मुख्यतः रोख्यांतून, म्हणजे कर्जातून उभा राहिला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली ९१ बोगदे आणि मांडवी-जुवारीसारख्या नद्यांवरचे पूल बांधून २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. बांधा, चालवा आणि कर्ज फिटले की हस्तांतरित करा, अशी त्यामागची योजना होती. कर्ज काढून बांधलेल्या मार्गाचे कर्ज तो मार्ग वापरणाऱ्यांनी फेडावे, हा विचार रस्त्यावरच्या टोलसारखाच होता, आणि टोल भरायला कोकणी माणसाने नकार दिला नाही. रात्रभर एसटीत आणि गोव्याच्या सरकारी कदंबच्या गाडीत कंबर मोडून घेण्यापेक्षा चार पैसे जास्त गेले तरी चालतील, असेच तेव्हा घरोघरी म्हटले जात होते.

गोव्याने तर पैशांखेरीज आणखीही किंमत मोजली. मार्ग किनाऱ्याजवळून न्यावा की आतल्या तालुक्यांतून, यावर नव्वदच्या दशकात इथे जे रान पेटले ते विसरण्यासारखे नाही. खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाजन शेतीचे बांध, जुन्या गोव्याचा वारसा, खाडीकाठची गावे यांचे काय होणार, हे विचारणारे लोक विकासाचे शत्रू नव्हते. काम काही काळ थांबलेही. शेवटी मार्ग आखल्याप्रमाणेच गेला, शेते दुभंगली, आणि ज्यांची शेते दुभंगली तेही आज त्याच गाडीने ४० टक्के वाढीव अंतराचे तिकीट काढून जातात. हा विषय इथे एवढ्यासाठी काढला की, 'कोकणाला रेल्वे दिली' असे जेव्हा दिल्लीतून म्हटले जाते, तेव्हा देणारे कोण आणि घेणारे कोण याचा हिशेब इतका सरळ नाही.

टोलला मुदत असते. या वाढीव अंतराची मुदत कोणती, हे प्रवाशाला कळेल अशा भाषेत कधी जाहीर झालेले नाही. आता ती जाहीर करण्याची वेळ आपोआप आली आहे, कारण कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्याच्या प्रस्तावाला गोवा, कर्नाटक व केरळ यांच्यापाठोपाठ मे २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली. महाराष्ट्राने संमती देताना दोन अटी घातल्या. 'कोकण रेल्वे' हे नाव कायम राहावे, ही एक; आणि राज्याने गुंतवलेले ३९६ कोटींहून अधिक रुपये परत मिळावेत, ही दुसरी. दोन्ही अटी राज्याच्या दृष्टीने रास्त आहेत. पण नावाची आठवण ठेवली गेली, गुंतवणुकीची ठेवली गेली, आणि ज्याने इतकी वर्षे तिकिटातून हा मार्ग पोसला त्या प्रवाशाच्या नावाने त्यात एकही अट नाही. वेगळे महामंडळ आहे, त्याच्यावर वेगळे कर्ज आहे, म्हणून वेगळे भाडे, हा युक्तिवाद महामंडळ असेपर्यंत तरी समजण्यासारखा होता. महामंडळच उरले नाही तर वाढीव अंतर कोणत्या आधारावर उरणार? आणि ते जाणार असेल तर कोणत्या तारखेपासून? विलीनीकरणाच्या कागदपत्रांत या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात लिहिलेले असावे, एवढीच माझी मुख्य मागणी आहे.

कोणी म्हणेल, फरक तो किती? मीही तो मोजून पाहिला. डिसेंबरच्या वाढीत मेल-एक्स्प्रेसला किलोमीटरमागे दोन पैसे वाढले. मुंबई ते मडगाव खऱ्या अंतरावर ही वाढ साडेअकरा रुपयांच्या आसपास होते. छापलेल्या अंतरावर ती पंधरा रुपयांच्या पुढे जाते. फरक साडेतीन रुपयांचा. यावरून कोणाच्या घरची चूल विझणार नाही. परंतु हा फरक केवळ ताज्या वाढीवरचा आहे. मूळ भाड्यावरचा फरक त्याच्या कितीतरी पट आहे, आणि यापुढे देशात जेव्हा जेव्हा पैसा वाढेल तेव्हा तेव्हा कोकणात तो सुमारे दीड पैसा होऊन येईल. गाळलेल्या वाढीचेही तसेच आहे. साध्या द्वितीय वर्गाला २१५ किलोमीटरपर्यंत डिसेंबरची वाढ लागू नाही, जवळच्या प्रवाशाला तोशीस लागू दिलेली नाही, असे सांगितले गेले. हे २१५ किलोमीटर रुळावरचे की तिकिटावरचे? तिकिटावरचे असतील, तर कोकण रेल्वेच्या हद्दीत ही सवलत सुमारे १५४ किलोमीटरांवरच संपते. आमच्या पेडण्याशेजारच्या सावंतवाडीहून दिव्याच्या पॅसेंजरने संगमेश्वरला जाणारा माणूस रुळावर दोनशे किलोमीटरही जात नाही, पण आकारणीच्या हिशेबात तो केव्हाच २१५ ची वेस ओलांडून गेलेला असतो. देशातल्या इतर बहुतेक पॅसेंजरमध्ये तेवढेच अंतर जाणारा माणूस मात्र वाढीतून सुटतो. गरिबांसाठी म्हणून काढलेली सवलत कोकणातल्या गरिबाला पाव हिश्शाहून अधिक कमी मिळावी, असा कोणाचा हेतू असेल असे मला वाटत नाही. बहुधा परिपत्रक काढताना कोकणाची आठवण कोणाला झाली नसावी, आणि हीच माझी तक्रार आहे.

आता त्या ५७ टक्क्यांविषयी. गेली काही वर्षे आकडा बदलला असून, १०० रुपये खर्चाच्या प्रवासाला रेल्वे सरासरी ५४ रुपये घेते व ४६ टक्के सवलत प्रत्येक प्रवाशाला देते, असे आपण संसदेत आणि बाहेर सांगत आला आहात. २०२२-२३ या वर्षी ही रक्कम ५६,९९३ कोटी रुपये होती. आकडा खोटा आहे असे मी म्हणत नाही. परंतु रूळ, सिग्नल, स्थानके आणि कर्मचारी हे मालगाडी व प्रवासी गाडी या दोहोंसाठी सामाईक असतात. त्यांच्या खर्चापैकी किती प्रवाशाच्या नावावर टाकायचा, हे रेल्वेच स्वतःच्या नियमांनी ठरवते. मुंबईच्या लोकलचा पासधारक, बिहारच्या पॅसेंजरमधला मजूर आणि कोकणकन्येच्या तृतीय वातानुकूलित डब्यातला कुटुंबकबिला यांची सरासरी काढून निघालेला आकडा त्या तिघांपैकी कोणालाच लागू पडत नाही. महालेखापरीक्षकांच्या काही अहवालांत तृतीय वातानुकूलित वर्ग आपला खर्च भरून काढतो असे नमूद झालेले आहे. त्या वर्गाच्या तिकिटावरही उपकाराची ओळ तीच. आणि जिथे अंतरच ४० टक्क्यांनी वाढवलेले आहे, तिथल्या प्रवाशाला मिळणारी सवलत देशाच्या सरासरीएवढी असणे अंकगणिताला धरून नाही. कोकण रेल्वेच्या प्रवाशाकडून खर्चाच्या किती टक्के वसुली होते, हा आकडा वेगळा काढून प्रसिद्ध करावा. तो ५४ निघाला, तर पुढच्या वाढीचे मी स्वतः समर्थन करीन.

असे आकडे लोकांसमोर मांडून भाडे ठरवण्याची पद्धत आपल्या देशात अपरिचित नाही. गोव्यात विजेचा दर वाढवायचा असेल तर वीज खात्याला संयुक्त वीज नियामक आयोगापुढे जावे लागते, खर्चाचा ताळेबंद द्यावा लागतो, आणि त्यावर जाहीर सुनावणी होते, जिथे कोणीही ग्राहक उठून प्रश्न विचारू शकतो. सुनावणीला माणसे थोडी येतात आणि दर बहुतेक वाढतातच, हे खरे. तरी का वाढले ते लेखी मिळते. रेल्वेचे भाडे १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार केंद्र सरकार ठरवते, म्हणजे गाडी चालवणारे, दर ठरवणारे आणि त्या दराचे समर्थन करणारे एकाच इमारतीत बसतात. बिबेक देबरॉय समितीने २०१५ मध्ये स्वतंत्र नियामकाची आणि रेल्वेच्या हिशेबपद्धतीत सुधारणेची शिफारस केली. एप्रिल २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने रेल्वे विकास प्राधिकरणाला मंजुरीही दिली. ते प्राधिकरण प्रत्यक्षात उतरले नाही. राजकारण्यांना भाड्याचा अधिकार हातातून सोडवत नाही यात नवल नाही. २०१२ मध्ये दिनेश त्रिवेदी यांनी उघडपणे भाडेवाढ मांडली आणि काही दिवसांतच त्यांचे मंत्रिपद गेले, हे साऱ्यांनी पाहिले आहे. त्यातून पुढच्यांनी जो धडा घेतला तो मला अधिक चिंतेचा वाटतो. भाडे उघड वाढवायचे नाही, पण पैसे मात्र घ्यायचे, असा तो धडा दिसतो.

कारण मधल्या वर्षांत भाडे थांबलेले दिसत असताना प्रवास महागतच राहिला. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरंतोमध्ये दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की भाडे दहा टक्क्यांनी चढते. तत्काळ आहे, त्याच्यावर प्रीमियम तत्काळ आहे. संकेतस्थळावरून तिकीट काढले तर सुविधा शुल्क आहे. प्रतीक्षायादीतले तिकीट रद्द करायला साठ रुपये आणि वर वस्तू-सेवा कर पडतो. कोविडच्या काळात बंद झालेल्या पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेसचे लेबल लावून परत आल्या तेव्हा किमान भाडे १० रुपयांचे ३० झाले, आणि ते पुन्हा १० वर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत गेली. साठीच्या पुरुषाला ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांच्या स्त्रीला ५० टक्के मिळत असे. महामारीचे कारण केव्हाच सरले, सवलत परतली नाही. गोव्यातल्या किती घरांत मुले मुंबई-पुण्याला आणि आई-वडील गावी, अशी स्थिती आहे, हे आपल्या अधिकाऱ्यांना माहीत असेल. सवलत प्रत्येक ज्येष्ठाला द्यावी, असा माझा आग्रह नाही. वातानुकूलित प्रथम वर्गाने जाणाऱ्याला ती नसली तरी चालेल. शयनयान आणि द्वितीय वर्गापुरती ती परत आणणे रेल्वेला परवडणार नाही, हे मात्र पटण्यासारखे नाही.

यात सर्वांत जास्त बोचते ती चवथीची तऱ्हा. गणपतीला कोकणात आणि गोव्यात येण्यासाठी मुंबईकरांची जी झुंबड उडते तिला दरवर्षी विशेष गाड्या सोडून रेल्वे उत्तर देते, आणि त्याबद्दल आम्ही रेल्वेचे आभारीही असतो, कारण मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून चाललेले आहे आणि खासगी आरामबसचे त्या आठवड्यातले दर विमानाशी स्पर्धा करतात. पण विशेष भाड्याच्या गाडीत द्वितीय वर्गाला १० टक्के आणि इतर वर्गांना ३० टक्के जादा आकार असतो, आणि हा जादा आकार ज्या मूळ भाड्यावर बसतो ते आधीच वाढीव अंतरावर मोजलेले असते. म्हणजे वाढीवर वाढ. चवथीच्या आदल्या दिवशी थिवीच्या फलाटावर कोणीही उभे राहून पाहावे. सर्वसाधारण डब्याच्या दारातून उतरणे अशक्य झालेले असते. आधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या, सामानाच्या पिशव्या आणि मिठाईची खोकी खिडकीतून बाहेर येतात, मग एखादे पोर हातोहात खाली दिले जाते, मग त्याची आई दारातल्या गर्दीतून कशीबशी सुटते, आणि बाप शेवटी, गाडी हलता हलता, चपला हातात घेऊन उतरतो. बाहेर रिक्षा आणि दुचाकीवरून भाडे नेणारे पायलटवाले उभे असतात आणि म्हापशापर्यंतचे ते जे मागतात ते पुष्कळदा मुंबईहून आलेल्या त्या सर्वसाधारण तिकिटाच्या तोडीस तोड असते. (हा शेवटचा दोष आपला नव्हे, आमच्या राज्य सरकारचा आहे, स्थानकावर गाडीच्या वेळी कदंबची बस लावणे त्यांना इतक्या वर्षांत जमलेले नाही.) या माणसाकडून सणाच्या आठवड्यात विशेष आकार घ्यायचा असेल तर निदान तो खऱ्या अंतरावर घ्यावा.

इथवर भाड्याविषयी लिहिले. पण गोव्यापुरते बोलायचे तर स्वस्त भाडे हे अर्धेच काम आहे, कारण स्वस्त भाड्याची गाडीच पुरेशी नाही. पेडण्यापासून काणकोणपर्यंत गोव्याची उत्तर-दक्षिण लांबी रुळाने शंभर किलोमीटरांच्या थोडी पुढे आहे. पेडणे, थिवी, मये, करमळी, वेर्णा, माजोर्डे, मडगाव, बाळ्ळी, काणकोण ही स्थानकांची माळ पाहिली तर एखाद्या शहराच्या लोकलसाठीच आखल्यासारखी वाटते. वेर्ण्याला राज्यातली सर्वांत मोठी औद्योगिक वसाहत आहे. करमळीहून पणजी दहा-बारा किलोमीटरांवर आहे. सिंधुदुर्गातले रुग्ण उपचारासाठी बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, येतात. एवढे सगळे असताना या मार्गावर सावंतवाडी-मडगाव आणि पेडणे-कारवार यांसारख्या हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच स्थानिक गाड्या आहेत, आणि एकेरी मार्गावर सर्वांत आधी त्यांनाच बाजूला घेतले जाते. क्रॉसिंगसाठी लूप लाइनवर उभ्या राहिलेल्या पॅसेंजरमध्ये बसून समोरून जाणाऱ्या वंदे भारतचे स्वच्छ पांढरे डबे मोजणे हा आमच्याकडच्या प्रवाशाचा जुना विरंगुळा होऊ लागला आहे. जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या त्या गाडीबद्दल माझा आकस नाही. पावसाळ्यात ती आठवड्यातून तीनच दिवस धावते, तेव्हा पॅसेंजरला थोडी मोकळीक मिळते, इतकेच. कारखान्याची पाळी धरायची असलेला कामगार दहा-वीस रुपयांच्या तिकिटाचा भरवसा न धरता दुचाकी काढतो आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ वर जीव मुठीत धरून जातो. त्याच्यासाठी भाडे वाढले काय आणि राहिले काय, त्याचा प्रवास रेल्वेच्या हिशेबात येतच नाही. सकाळी पेडण्याहून वेर्णा-मडगावकडे आणि संध्याकाळी परत, पाळ्यांच्या वेळा धरून, अशा दोन मेमू, म्हणजे विजेवरच्या लोकलसारख्या, गाड्या सुरू केल्या आणि वर्षभर वेळेवर चालवल्या, तर त्यांचा तोटा किती होतो ते मग मोजावे.

दुसरा मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेचा, वास्कोहून कुळेमार्गे घाट चढून लोंढ्याला जाणारा. पोर्तुगीज काळात १८८० च्या दशकात बांधलेला हा मार्ग गोव्यातला पहिला. तिथे प्रश्न उलटा आहे. तिथे दुपदरीकरणाची घाई आहे, पण गावकऱ्यांना ती प्रवाशांसाठी आहे यावर विश्वास नाही. मुरगाव बंदरातला कोळसा वाहून नेण्यासाठी आहे, असे वेळसांव-कासावलीपासून कुडचडेपर्यंत लोक उघड म्हणतात. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, हे आपणांस ठाऊक आहेच. मालवाहतुकीच्या नफ्यातून प्रवासी तोटा भरून काढला जातो, हे आपले नेहमीचे वाक्य. ज्या गावांच्या अंगणातून ती मालवाहतूक जाते त्यांनी हे वाक्य ऐकून कृतज्ञ व्हावे, अशी अपेक्षा असेल तर त्या रुळांवरून गावकऱ्यांना वापरता येतील अशा गाड्याही जायला हव्यात. वास्को-कुळे मार्गावरची प्रवासी सेवा आज ज्या तुटपुंज्या अवस्थेत आहे ती पाहता, कोळशाच्या पैशातून आमचे तिकीट स्वस्त झाले असे त्यांना सांगायला मी तरी धजावणार नाही.

विलीनीकरणाला माझा विरोध नाही. दुपदरीकरण एका छोट्या महामंडळाच्या ताकदीबाहेरचे आहे. रोहा ते वीर हा तुकडा २०२१ मध्ये पूर्ण झाला, आणि त्यापुढे वीरपासून मडगावपर्यंतच्या मार्गाला पैसा केंद्रच देऊ शकते. कोकण रेल्वे चालवणे खर्चिक आहे, हेही नाकारता येणार नाही. वैभववाडीजवळचा २००३ चा आणि करंजाडीजवळचा २००४ चा अपघात, दोन्ही जून महिन्यातले, आजही इथे आठवणीत आहेत. पावसाळी वेळापत्रक, कमी केलेला वेग, दरडींवरच्या जाळ्या, रात्री भर पावसात कंदील आणि काठी घेऊन रूळ तपासत चालणारे गस्तीचे कर्मचारी, हे सारे त्यानंतर अधिक काटेकोर झाले. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात रुळांखालून चिखल-पाणी उसळले आणि गाड्या पुणे-मिरज-लोंढामार्गे वळवाव्या लागल्या, तेव्हा या डोंगरांतून रेल्वे चालवणे म्हणजे काय ते साऱ्या देशाने पाहिले. या सुरक्षेसाठी जादा पैसा लागत असेल तर तो मागावा. तिकिटावर 'कोकण सुरक्षा अधिभार' असा स्वतंत्र रकाना करावा, त्यात रक्कम लिहावी, ती बोगद्यांवर आणि दरडींवर कुठे खर्च झाली ते दरवर्षी प्रसिद्ध करावे आणि त्याची मुदतही छापावी. असा अधिभार प्रवासी कुरकुरत का होईना, भरतील. अंतर वाढवून धरण्यात दोष हा आहे की त्यातून किती पैसा आला, तो कुठे गेला आणि कधी थांबणार, यांपैकी काहीच तिकीट काढणाऱ्याला दिसत नाही.

विलीनीकरणात आणखी एक धोका मला दिसतो. हा मार्ग तोडून मध्य, दक्षिण पश्चिम आणि दक्षिण रेल्वेत वाटला गेला, तर आज रत्नागिरी आणि कारवारला विभागीय कार्यालये असलेली ही एकसंध व्यवस्था तीन मोठ्या विभागांची तीन टोके होऊन बसेल. मुंबईच्या लोकलने ज्यांचे डोके आधीच व्यापलेले आहे त्या अधिकाऱ्यांकडे कणकवलीच्या थांब्याची फाईल किती दिवसांनी पोहोचेल, याची कल्पना करवत नाही. गोव्यापुरते तर एका बाजूला हुबळी आणि दुसऱ्या बाजूला मुंबई, असे दोन्हीकडे परावलंबन कायमचे होईल. रोहा ते ठोकूर हा मार्ग स्वतंत्र क्षेत्र म्हणून एकत्र राहावा आणि त्याच्या वेळापत्रकावर चारही राज्यांना बोलण्याचा अधिकार असावा. आज भागधारक म्हणून तो थोडाफार आहे. भाग गेले की तोही जाईल.

हा शेवटचा मुद्दा मा. मुख्यमंत्र्यांनी विशेष लक्ष घालावा असा आहे. गोव्याचा वाटा लहान होता, पण तो गोमंतकीयांच्या पैशाचा होता, आणि तो सोडण्याची संमती कोणत्या अटींवर दिली गेली हे गोमंतकीयांना कळले पाहिजे. ते संमतिपत्र विधानसभेच्या पुढच्या अधिवेशनात पटलावर ठेवावे. त्यात वाढीव अंतराचा उल्लेख नसेल तर पुरवणी पत्र पाठवून तो घालून घ्यावा. विलीनीकरणाच्या कागदांवर अंतिम सही होण्याआधी हे करणे सोपे आहे, नंतर दिल्लीचे उंबरठे झिजवावे लागतील. चाळीस आमदारांपैकी पेडणे, थिवी आणि काणकोणच्या आमदारांनी तरी हा प्रश्न तारांकित म्हणून विचारावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.

रेल्वेमंत्री महोदय, आपल्याकडून मला तीन ओळींचे उत्तर पुरेसे आहे : ४० टक्के वाढीव अंतर विलीनीकरणानंतर राहणार की जाणार; जाणार असेल तर कोणत्या तारखेपासून; आणि तोपर्यंत २१५ किलोमीटरांची सवलत कोकणात कोणत्या किलोमीटरांवर मोजली जाणार. हे उत्तर मला व्यक्तिशः पाठवण्याची आवश्यकता नाही. मडगाव, करमळी आणि थिवी येथे आरक्षण खिडकीच्या काचेवर, भाड्याच्या तक्त्याशेजारी, ते मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजीत लावावे, म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते वाचता येईल.

कळावे.

आपला,
डिचोली तालुक्यातील एक रेल्वेप्रवासी